भाऊचा माऊ करणारी बॉर्डर

पनवेलमध्ये उरण नाक्याकडून टपाल नाक्याकडे चालत निघालं, की वाटेत कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस लागतोच. फलक कालचा असो की गेल्या महिन्याचा, मांडणी ठरलेली. मधोमध गॉगल लावलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग आणि वर भाऊंचं नाव. नाव पिवळं. पिवळ्याभोवती लाल रेघ, लालभोवती पांढरी, पांढरीभोवती काळी आणि काळीच्याही बाहेर सोनेरी झळाळी. एवढा बंदोबस्त केल्यावर नाव उठून दिसायला हवं. पण रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला ‘भाऊ’ऐवजी ‘माऊ’ दिसतं. शुद्धलेखन अगदी बरोबर असतं, घोळ बॉर्डरने घातलेला असतो.

‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळं ठेवणारी गोष्ट तशी चिमुकली. ‘म’च्या डोक्यावर शिरोरेघ सलग जाते, ‘भ’च्या डाव्या बाजूला ती तुटते आणि तिथे एक फट राहते. ‘ध’ आणि ‘घ’ यांचं तेच, ‘थ’ आणि ‘य’ यांचंही तेच. आता अक्षराला जाड आउटलाइन दिली, की रेघ दोन्हीकडून फुगते आणि पहिल्या फटक्यात ही फट बुजते. धनंजयचा घनंजय होतो, थोरातांचे योरात होतात. वाचणारा सवयीने अंदाज बांधतो आणि पुढे जातो. म्हणून तक्रार कुणी करत नाही आणि चूक वर्षानुवर्षं छापली जाते.

अक्षराला बॉर्डर देण्यात गैर काही नाही, उलट फलकावर ती बहुतेक वेळा लागतेच. गैर आहे ती अक्षराच्या पोटात शिरणारी बॉर्डर. तिचा दोष सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही आणि दुकानातल्या ऑपरेटरवरही फारसा नाही. देवनागरी अक्षराला थरांची किनार कशी द्यायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नाही. दुखणं या दोन जागी आहे.

मुळात बॉर्डर लागते कशाला? सपाट रंगावर सपाट अक्षर असेल तर ती लागत नाही. महामार्गावरच्या दिशादर्शक पाट्या बघाव्यात. एका रंगाची पाटी, पांढरं अक्षर, पाटीच्या कडेने एक पांढरी चौकट आणि अक्षराभोवती काहीही नाही. धावत्या गाडीतून त्या वाचता येतात. पण फलकाच्या मागे आकाश, किल्ला, गर्दी, भगवा झेंडा आणि फटाके एकदम आले, की अक्षराचा एक भाग उजेडावर पडतो आणि दुसरा अंधारावर. अशा वेळी अक्षर आणि चित्र यांच्यात एक तटस्थ पट्टा घालावा लागतो. टीव्हीवरच्या उपशीर्षकांना काळी कड असते ती याचसाठी. नकाशात नदीवरून किंवा रस्त्यावरून जाणाऱ्या गावाच्या नावाभोवती पांढरी कड ठेवतात, तीही याचसाठी. हाताने पाट्या रंगवणारे पेंटरही हेच करत. आधी अक्षर भरायचं, मग बारीक ब्रशने बाहेरून कड ओढायची, मग एका बाजूला सावली टाकायची. पेंटरचा ब्रश बाहेरच्या बाजूने फिरत असे, त्यामुळे अक्षर जेवढं लिहिलं तेवढंच शिल्लक राहायचं. संगणकाने नेमकी हीच गोष्ट बदलली.

कोरल ड्रॉ कॅनडातल्या ओटावा शहरात तयार झालं आणि १९८९ मध्ये बाजारात आलं. ॲडोबीचं इलस्ट्रेटर त्याच्या दोन वर्षं आधीचं, १९८७ चं. मराठी मुलखातल्या डीटीपीच्या दुकानांत मात्र राज्य केलं ते कोरलने, इतकं की ‘कोरलमध्ये करून दे’ याचा अर्थ ‘डिझाइन करून दे’ असाच होतो. या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार ठिपक्यांचा नसतो, तो वाटेचा असतो: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वळणदार रेघ. आउटलाइन द्यायची म्हणजे त्या वाटेवरून पेन फिरवायचं. आणि पेन फिरतं ते वाटेच्या मधोमध. म्हणजे निम्मी जाडी अक्षराच्या बाहेर पडते, निम्मी आत.

हिशोब सोपा आहे. फलकावरच्या अक्षराचा काना २४ मिलिमीटर रुंद आहे असं धरू. त्याला १२ मिलिमीटरची आउटलाइन दिली, तर डावीकडून ६ आणि उजवीकडून ६ मिलिमीटर रेघ आत येते. पिवळा काना उरला १२ मिलिमीटर. अक्षर निम्मं झालं. गिऱ्हाईक मागे उभं राहून म्हणतं, ‘अजून जाड कर, उठत नाहीये.’ ऑपरेटर आउटलाइन आणखी वाढवतो आणि काना आणखी बारीक होतो. अक्षर उठत का नाही, याचं कारण ज्या खटक्यात आहे तोच खटका दोघं मिळून दाबत बसतात.

यावरचा उपाय कोरलच्या आउटलाइनच्याच खिडकीत असतो. एफ-ट्वेल्व दाबलं की ती उघडते, तिथे ‘बिहाइंड फिल’ नावाचा चौकोन आहे. त्यावर टिचकी मारली, की रेघ अक्षराच्या मागे जाते. आत आलेली निम्मी जाडी झाकली जाते आणि काना पुन्हा २४ मिलिमीटर दिसतो. शेजारीच ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ असा दुसरा चौकोन आहे. तो मोकळा राहिला, तर दहा फुटांच्या फलकाचं डिझाइन लहान करून पत्रिकेवर किंवा मोबाइलच्या स्टेटसवर टाकताना अक्षर लहान होतं आणि रेघ मात्र होती तेवढीच जाड राहते. मोठ्या फलकावर बरं दिसणारं नाव छोट्या पत्रिकेवर काळा गोळा होतं ते यामुळे. दोन चौकोन, दोन टिचक्या. पण हे चौकोन असतात तरी कशाला, हे शेजारी बसून सांगणारा कुणी असावा लागतो.

थरांवर थर द्यायचे असतील तर आउटलाइनपेक्षा कंटूर हे हत्यार बरं. त्यात आत, बाहेर आणि मध्यापर्यंत अशा तीन दिशा मिळतात, किती पायऱ्या आणि प्रत्येक पायरी किती रुंद हे आकड्यात सांगता येतं, कोपरे टोकदार हवेत की गोल हेही ठरवता येतं. बाहेरच्या दिशेने दोन पायऱ्या काढायच्या, मग कंट्रोल-के दाबून कंटूर मूळ अक्षरापासून सोडवायचा, अनग्रुप करायचा आणि प्रत्येक थराला आपला आपला रंग द्यायचा. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम ‘ऑफसेट पाथ’ करतो. तिथे ‘अपिअरन्स’च्या पट्टीत एकाच अक्षराला तीन-चार रेघा देऊन त्यांचा क्रमही बदलता येतो. २००३ पासून विकसित होत असलेल्या आणि फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये ‘आउटसेट’ आणि ‘डायनॅमिक ऑफसेट’ आहेत, शिवाय भराव आधी की रेघ आधी हे ठरवायची सोयही आहे. हत्यारं भरपूर आहेत, परवान्याचे पैसे नसतील त्याच्यासाठीही आहेत.

कंटूरलाही एक खोड आहे आणि ती देवनागरीत फार नडते. समजा अक्षराच्या आतली पोकळी ८ मिलिमीटर रुंद आहे आणि पहिला पांढरा थर ५ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच आले, पोकळी पूर्ण पांढरी झाली. लाल अक्षरात पांढरी पोकळी, हे छान दिसतं. पण पोकळी १४ मिलिमीटरची असेल तर मधे ४ मिलिमीटर जागा उरते आणि तिथून मागचा निळा थर डोकावतो. एकाच शब्दात ‘ष’चं पोट पांढरं, ‘व’च्या पोटात निळी टिकली, ‘द’च्या वळणात निळी चिरोटी. डोळ्याला हे कण अक्षराचे भाग वाटतात: अनुस्वार आहे का, नुक्ता आहे का? चांगला कारागीर अशा वेळी थर सुटा करून आतल्या टिकल्या एकेक निवडून उडवतो. एका नावाला त्याची पाचेक मिनिटं जातात. सध्याच्या दरात ती पाच मिनिटं कुणाच्या हिशोबात धरलेली नाहीत.

मराठी मजकुराला रोमन मजकुरापेक्षा आणखी एक पायरी जास्त लागते. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं. देवनागरीत शिरोरेघ शब्द बांधते आणि फाँटमध्ये ती अक्षरागणिक तुकड्यांनी असते. तुकड्यांमध्ये फट दिसू नये म्हणून ते एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. काळ्या भरावात ते कळत नाही. आउटलाइन दिली, की प्रत्येक तुकड्याला आपली रेघ मिळते आणि शिरोरेघेवर प्रत्येक जोडापाशी उभे चिरे उमटतात. मात्रा आणि वेलांट्या जिथे कान्याला टेकतात तिथेही तेच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांसारख्या जुन्या संचांतून अक्षरं तुकड्या-तुकड्यांनीच जुळवली जातात. युनिकोड मराठी नीट जुळवणारी यंत्रणा कोरलमध्ये आली ती २०१२ च्या एक्स-सिक्स आवृत्तीपासून, पण त्याआधीच्या आवृत्त्या आणि त्याआधीचे फाँट अजून दुकानांत जिवंत आहेत. उपाय दोन्हीकडे एकच. मजकूर आधी कर्व्हमध्ये बदलायचा, मग सगळे तुकडे निवडून ‘वेल्ड’ करायचे. शब्द एकसंध झाला की त्याला हवी तेवढी किनार द्यावी.

याचा पुरावा बघायचा असेल तर रेडियमवाल्याकडे जावं. गाडीच्या मागच्या काचेवर ‘आई एकवीरा प्रसन्न’ लावायचं म्हणजे प्लॉटरचं पातं वाटेवरून फिरतं आणि स्टिकर कापतं. शब्द वेल्ड केलेला नसेल तर पातं प्रत्येक जोडावर फिरतं. कागद सोलताना शिरोरेघ तुकड्यांत हातात येते आणि ‘प्रसन्न’ काचेवर चार भागांत चिकटवावं लागतं. फ्लेक्सवाल्याची चूक रंगाखाली दडते, रेडियमवाल्याची चूक त्याच्या स्वतःच्या नखाखाली येते. म्हणूनच वेल्ड न चुकता करणारे लोक फ्लेक्सपेक्षा रेडियमच्या धंद्यात जास्त सापडतात.

किनारीचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. ज्या वक्रांवर ही सॉफ्टवेअर चालतात ते फ्रान्सच्या मोटार उद्योगातून आले. सीत्रोएन कंपनीत पॉल दे कास्तेलजो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवले आणि नाव रूढ झालं ते बेझिएचं. अशा वक्राला समांतर ओढलेली रेघ साधारणपणे त्याच जातीचा वक्र राहत नाही. मग सॉफ्टवेअर बरेच बिंदू टाकून ती अंदाजाने जुळवतं. मूळ अक्षर स्वच्छ असेल तर अंदाज चांगला जुळतो. पण जुन्या पत्रिकेवरचा शिक्का मोबाइलने टिपून, ट्रेस करून घेतलेला असेल, तर त्याच्या कडेवरची प्रत्येक खरखर बाहेरच्या थरात मोठी होऊन येते. तिसऱ्या थरापर्यंत पोचेस्तोवर मंडळाचं बोधचिन्ह बटाट्यासारखं दिसू लागतं. अशा ठिकाणी आधी बिंदू कमी करावेत, कड साफ करावी, मगच कंटूरला हात घालावा.

हे सगळं कारागिरीतलं बारीकसारीक झालं, वर्तमानपत्रात कशाला, असं कुणी म्हणेल. कारण आता या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या सगळ्या दुकानांना, दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही, मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशीही अट आली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर गावोगाव पाट्या बदलल्या, पनवेलही त्याला अपवाद नव्हतं.

कायद्याने मोजली ती उंची. पण देवनागरीची उंची तीन मजल्यांत वाटलेली असते. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षर आणि खाली उकार. रोमन कॅपिटल अक्षर पूर्ण उंची एकटंच वापरतं. पाटीवर दोन्ही ओळी फूटपट्टीने सारख्या केल्या, तर मराठी अक्षराचं मुख्य अंग रोमनपेक्षा बरंच लहान निघतं. त्यावर इंग्रजी ओळीला शोभणारी जाड बॉर्डर जशीच्या तशी मराठी ओळीला दिली, की अनुस्वार वेलांटीला चिकटतो, उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द यासाठी उत्तम कसोटी आहे. अर्धा ‘ष’, त्याला जोडलेला ‘ट’ आणि खाली ‘र’ची दोन तिरकी पावलं, एवढा ऐवज एका जोडाक्षरात. दोन थर दिल्यावर ज्या फाँटमध्ये ‘ष्ट्र’ वाचता येतं तो फाँट पाटीला चालेल. कायदा पाळलेल्या कितीतरी पाट्या या कसोटीवर नापास होतील.

जाड अक्षर आणि स्पष्ट अक्षर यांचं वैर नाही, हे मराठी माणसांनीच दाखवून दिलं आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी लिहिलेली शीर्षकं आठवून पाहावीत. शेडगे २०२० मध्ये गेले, पण वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत, एकही रंगीत थर न देता, त्यांनी नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवून ठेवला. अलीकडचं उदाहरण मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या चमूचं. त्यांचा ‘मोदक’ हा फाँट नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. अक्षरातल्या पोकळ्या जवळपास रेघेएवढ्या बारीक उरल्या आहेत, पण त्या नेमक्या जागी आणि सारख्या मापाच्या ठेवल्या आहेत, म्हणून अक्षर ओळखू येतं. तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो. गंमत म्हणजे याच फाँटला चार थरांची आउटलाइन दिली, तर त्या पोकळ्या सर्वांत आधी बुजतील. जाडी आतून आलेली असताना बाहेरून आणखी लादायची गरज नसते.

मग पनवेलच्या गल्लीत हे का होत नाही? कारण फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर असतो. डिझाइन त्यातच ‘करून मिळतं’. संध्याकाळी सातला मंडळाचा कार्यकर्ता येतो, रात्री फलक लागायला हवा असतो, फोटो व्हॉट्सॲपवरून एकेक करून येत असतात आणि मागे चार जण उभे. ऑपरेटरच्या वाट्याला मजकुरासाठी जेमतेम दहा मिनिटं येतात. त्यात चेहरे कापायचे, मानाप्रमाणे लहान-मोठे लावायचे आणि कुणाचा फोटो कुणाच्या वर गेला यावरून भांडण होणार नाही हेही बघायचं. अशा वेळी काम केल्यासारखं दिसण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे आणखी एक बॉर्डर. ती तीन सेकंदांत पडते, स्क्रीनवर लगेच चमकते आणि गिऱ्हाईक खूश होतं. चाळीस फुटांवरून ते नाव कसं दिसेल, हे दुकानातल्या स्क्रीनवर कळत नाही.

याला नाकं मुरडणारा एक वर्गही आहे. त्याला सगळाच भडकपणा खुपतो: पिवळ्यावर लाल, सोनेरी झळाळी, ट्रकच्या पाठीवरची नक्षी. ती तक्रार इथे नाही. कळंबोलीच्या ट्रकांवर अक्षरांना दोन-दोन किनारी असतात, सावल्या असतात, फुलं असतात आणि तरीही नाव लांबून वाचता येतं. रंग भडक असावेत की सौम्य ही आवडीची बाब. नाव वाचता यावं ही आवडीची बाब नाही, त्यासाठीच तर फलक लावतात. बेकायदा फलकांचा प्रश्नही वेगळा आहे आणि उच्च न्यायालयाने त्यावर वेळोवेळी सरकारला आणि पालिकांना फटकारलं आहे. पण रीतसर परवानगी घेऊन लावलेली दवाखान्याची पाटी, शाळेचा सूचनाफलक, लसीकरणाचं बॅनर हेही त्याच दुकानांत, त्याच सवयीने तयार होतात. तिथे ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत विनोदावर सोडून देता येत नाही.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. संगणक टंकलेखनाच्या परीक्षेत वेग आणि अचूकता तपासतात, डीटीपीच्या वर्गात खटके शिकवतात. त्यात चार तास देवनागरी अक्षराच्या बांधणीला द्यावेत: कुठली पोकळी बुजली तर अक्षर बदलतं, वेल्ड कधी करायचं, किनार बाहेरच का टाकायची, गडद आणि फिकट थर आलटूनपालटून का हवेत. लाल अक्षराला काळी कड आणि काळीला गडद निळी कड देणं म्हणजे दोन थरांचे पैसे घेऊन एकच थर दाखवणं. लालला पांढरी आणि पांढरीला गडद निळी, एवढ्यात काम होतं. तिसरा थर कशासाठी, हे ज्याला सांगता येईल त्याने तो खुशाल द्यावा.

पनवेल ही जुनी नगरपालिका, १८५२ ची. महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. स्वतःच्या कार्यक्रमांचे फलक, उद्यानांच्या पाट्या, आरोग्य विभागाची बॅनर, असा या संस्थेचा छपाईचा व्यवहार बारमाही चालतो. कंत्राटाच्या अटींत कापडाची जाडी आणि आकार लिहितात तशी एक ओळ अक्षरांसाठी लिहावी: मजकूर वेल्ड केलेला असावा, किनार अक्षराच्या बाहेर असावी, थर दोनपेक्षा जास्त नसावेत आणि डिझाइनचा दर छपाईपासून वेगळा लिहावा. पालिकेचं काम करणारा छापखाना उद्या खासगी गिऱ्हाइकाचं कामही त्याच सवयीने करील. आणि गिऱ्हाइकाने मंजुरीसाठी मोबाइलवर आलेला नमुना बोटांनी मोठा करून पाहण्याआधी एकदा नखाएवढा लहान करून पाहावा. त्या मापात भाऊंचं नाव वाचता आलं तर छापायला सांगावं, नाही आलं तर एक थर काढायला सांगावं.